जुने पगार खाते बंद करताना

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

नोकरी बदलली की नवी कंपनी तिच्या सोयीच्या बँकेत पगार खाते उघडून देते आणि जुने तसेच पडून राहते. पंचविशीतल्या मुलामुलींना याचा फटका नाहक बसतो, म्हणून हे पत्र.

पगार खात्याला किमान शिल्लक लागत नाही, ती सवलत पगार जमा होतो तोवरच. बऱ्याच बँकांत सलग तीन महिने पगार आला नाही की ते साधे बचत खाते होते आणि त्या बँकेत सरासरी मासिक शिलकीची अट असेल तर ती लागते. सरासरी म्हणजे रोजच्या दिवसअखेरच्या शिलकांची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. अट १० हजारांची असेल, तर ३० दिवसांत ही बेरीज ३ लाख व्हायला हवी. रिकाम्या खात्यात ३० तारखेला १० हजार टाकले तर सरासरी भरते जेमतेम ३३३ रुपये! उलट १ लाख रुपये तीनच दिवस राहिले तरी अट पूर्ण होते.

शिल्लक कमी पडली तर बँकेने आधी कळवून महिन्याची मुदत द्यावी, दंड तुटीच्या प्रमाणात असावा आणि निव्वळ दंडापोटी खाते उणे होऊ नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण खात्याला ऑफिसचा ईमेल जोडलेला असेल, तर ती सूचना बंद पडलेल्या पत्त्यावर जाते. राजीनामा देतानाच स्वतःचा ईमेल आणि मोबाइल नोंदवा.

खाते बंद करायची घाईही नको. आधी जुन्या कंपनीचा अखेरचा हिशेब जमा होऊ द्या. मग म्युच्युअल फंडाची एसआयपी, विमा हप्ता आणि कर्जाचा ईएमआय यांचे मँडेट (हप्ता खात्यातून आपोआप कापण्याची संमती) नव्या खात्यावर वळवा, आणि तिथून एक हप्ता कापला गेल्याचे पाहूनच पुढे जा. मँडेट परत गेले तर बँक शुल्क घेते, कर्ज देणारी संस्था वेगळा दंड लावते आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीवर, डाग पडू शकतो. पीएफच्या केवायसीतले व प्राप्तिकर परताव्याचे खाते बदलायचे हमखास विसरले जाते. आर्थिक वर्षाचे स्टेटमेंट उतरवून ठेवा, कारण प्राप्तिकर विवरणपत्रात बचत खात्याचे व्याज दाखवावे लागते आणि खाते बंद झाल्यावर नेटबँकिंग मिळत नाही. शेवटी शाखेत अर्ज, उरलेले चेक व कार्ड देऊन पोच घ्या.

कमिशनच्या आमिषाने जुने खाते कोणालाही वापरायला देऊ नका. सायबर फसवणुकीची रक्कम त्यातून फिरली तर पोलीस खातेदारालाच गाठतात.

कंपन्यांच्या एचआर विभागांना विनंती आहे, की रिलिव्हिंग लेटरसोबत या कामांची एका पानाची यादी द्यावी. पगार खात्याची सवलत कोणत्या तारखेला संपते, हे बँकेकडून विचारून त्यात लिहावे.

– बँक व्यवहारांचे एक जाणकार, पुणे