चार पुतळ्यांपासून ब्रॅडफर्डपर्यंत

सोलापूर
12 जानेवारी

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

सकाळी चार पुतळ्यांपाशी जाऊन आलो. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1931 साली आजच्याच दिवशी येरवड्यात चौघांना फाशी दिलं. हार घालताना तुझाच विचार होता. ‘शांतता शिकायला परदेशी कशाला जायचं?’ असं मी फोनवर तडकून बोललो, ते शब्द मागे घेतो.

रोटरीच्या त्या पीस फेलोशिपची, म्हणजे परदेशात शांतता-अभ्यास शिकायच्या शिष्यवृत्तीची, माहिती मी नीट वाचून काढली. फी, राहणं-जेवण, जाण्यायेण्याचं भाडं, इंटर्नशिप, सगळा खर्च ते करतात. एम.ए.साठी दरवर्षी साऱ्या जगातून जास्तीत जास्त 50 जण घेतात. कामाचा अनुभव किमान तीन वर्षांचा हवा, तो तुझा झाला आहे. आणखी एक सांगतो. मित्र मला क्लबाचा सभासद हो म्हणून मागे लागले होते, त्यांना काल नाही म्हणून सांगितलं. सभासदाच्या मुलांना ही फेलोशिप मिळत नाही.

तू म्हणालीस, ‘समुपदेशन केंद्रातल्या घरगुती भांडणांचा अनुभव तिथे कोण मोजणार?’ स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाचे लोक जगभरच्या लढायांची नोंद ठेवतात. हत्यारबंद लढाईत वर्षाला किमान 25 माणसं मेली, की त्यांच्या वहीत ती येते. पंचविसाच्या आत जे राहतं, ते तू रोज बघतेस. हेच अर्जात लिही.

आणि आपल्या कारखान्यातलं लिही. तू बारावीत होतीस. दिवाळीच्या बोनसवरून आठ दिवस माग बंद होते. मी नवीन माणसं आणायला निघालो होतो. तू चहा घेऊन फाटकाशी गेलीस, कामगार अक्कांशी तेलुगूत बोललीस आणि परत येऊन म्हणालीस, ‘बाबा, पैसे कमी म्हणून नाही, हिशेबाची वही दाखवली नाही म्हणून चिडलेत.’ मी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. संध्याकाळी खटखट सुरू झाली. माणूस मागतो एक आणि त्याला लागलेलं असतं दुसरंच, हे मी त्या दिवशी तुझ्याकडून शिकलो.

मला विचारशील तर फेलोशिपच्या विद्यापीठांपैकी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला जा. तेही आपल्यासारखंच गिरण्यांचं गाव, तिथे लोकर, इथे सूत; गिरण्या दोन्हीकडच्या बंद पडल्या. शांतता-अभ्यासाचा तिथला विभाग 1973 पासून चालू आहे. धाग्यावर जगलेल्या गावातली माणसं तुला परकी वाटणार नाहीत.

आजीला मात्र डॉ. कोटणीस आठवतात. आपल्याच गावचा मुलगा, 1938 साली चीनच्या युद्धात जखमींवर उपचार करायला गेला आणि 1942 साली तिथेच वारला. तिची भीती माझ्याही मनात आहे, तुझ्यापासून लपवत नाही. तरी जा.

पदवीचं मूळ प्रमाणपत्र इथल्या लोखंडी कपाटात आहे. गड्ड्याच्या जत्रेला येशील तेव्हा नेशील, की कुरिअर करू?

तुझे,
बाबा