१०८ रुग्णवाहिकेच्या डॉक्टरताई आणि पायलटदादा (म्हणजे चालक) यांस

नमस्कार.

तुमची नावं माझ्याकडे नाहीत. गडबडीत आईने विचारली नाहीत आणि मी तर तिथे नव्हतोच. म्हणून हे उघड पत्र.

गेल्या ऑक्टोबरात संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या वाडीत, भातकापणीत बाबांना पान लागलं. (आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत.) फुरसं होतं. आईचा फोन आला तेव्हा मी मुंबईत ऑफिसात. तिथूनच १०८ लावला आणि लावल्यावर धसकलो, आता गाडी मुंबईचीच निघणार की काय! पण फोन वाजला पुण्याला, औंधच्या केंद्रात. तिथल्या मुलीने गाव, वाडी, जवळची खूण विचारली आणि डॉक्टरताई, तुम्हाला लाइनवर घेतलं. तुमचं पहिलंच वाक्य, "दोरी बांधलीय का?" शेजारचे काका बांधायलाच बसले होते. दुसऱ्या मोबाइलवरून ओरडून त्यांना थांबवलं. पाय हलवू नका, चालवू नका, हे तुम्ही मला तीनदा सांगितलंत.

गाडी रस्त्यापर्यंतच येते, खाली घरापर्यंत पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. पायलटदादा, तुम्ही वर गाडीत बसून राहिला असतात तरी कुणी बोललं नसतं. तुम्ही स्ट्रेचर घेऊन उतरलात, आणि चढताना जड बाजू पोरांना न देता स्वतः धरलीत. आई आल्यागेल्याला आधी हेच सांगते, औषधपाण्याचं नंतर.

"आयुर्वेदाची डॉक्टरीण, ती काय करणार?" असं वाडीत कुणीतरी कुजबुजलं होतं. २०१४ च्या जानेवारीत ही सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, त्यांतल्या ७०४ साध्या, व्हेंटिलेटर नसलेल्या. आमच्या वाट्याला तसलीच आली. पण गाडीत डॉक्टर होता, माझ्या लेखी तेच मोठं. तुम्ही सलाइन लावलंत, बीपी बघत राहिलात, आणि वाटेतूनच ग्रामीण रुग्णालयात फोन करून सापाची लस काढून ठेवायला लावलीत. फुरशाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. पोचेपर्यंत बाबांच्या हिरड्यांतून येऊ लागलंच होतं. लस मात्र तयार होती.

ते कुजबुजणारे गृहस्थ आता पोरांना दोरी का बांधायची नाही ते समजावतात, जणू शोध त्यांचाच.

बाबांनी तुम्हा दोघांसाठी नारळ काढून ठेवलेत. इकडे फेरी झाली तर घेऊन जा, कोंब फुटायच्या आत.