अरबीची प्रेरणा मोजताना

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. अम्मानमध्ये अरबी शिकायला आलेल्या परदेशी मुलांची प्रेरणा आणि अभ्यासपद्धती मोजायची म्हणतोस, तर आधी ठरव: कोणती अरबी? वर्गात फुसहा, म्हणजे पुस्तकी प्रमाण अरबी, टॅक्सीत आणि बेकरीत बोली. प्रश्नावलीतल्या 'मूळ भाषकांसारखं बोलायचा प्रयत्न करतो' या वाक्याला एक जण बोली मनात धरून 5 देतो, दुसरा फुसहा धरून 2. सरासरी साडेतीन, हाती काहीच नाही. बोलण्याचे प्रश्न दोनदा छाप, एकदा फुसहासाठी, एकदा बोलीसाठी.

'मूळ भाषकांसारखं' हे वाक्य रिबेका ऑक्सफर्ड यांच्या 'सिल' या भाषा शिकण्याच्या पद्धतींवरच्या प्रश्नावलीतलं. त्याची 50 वाक्यांची आवृत्ती इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी आहे. नुसतं 'इंग्रजी' खोडून 'अरबी' लिहिलं की काम झालं असं समजू नकोस. मुख्य साधन म्हणून मी पिंट्रिच आणि सहकाऱ्यांची 1991ची 'एमएसएलक्यू' ही प्रेरणा आणि अभ्यासपद्धतींची प्रश्नावली घेईन, कारण ती एकाच अभ्यासक्रमाबद्दल विचारते. 81 वाक्यं: 31 प्रेरणेची, 50 अभ्यासपद्धतीची, गुण 1 ते 7. वेळ 20 ते 30 मिनिटं. पूर्ण सिल सोबत जोडलंस तर मुलं कंटाळून सरसकट मधला आकडा गोल करतील.

खरा घोळ गुण देताना होतो. 33, 37, 40, 52, 57, 60, 77 आणि 80 ही वाक्यं उलट्या अर्थाची आहेत, म्हणजे तिथे जास्त आकडा वाईट सवय दाखवतो. उत्तर 8 मधून वजा कर. परीक्षेच्या भीतीची 5 वाक्यं प्रेरणेच्या 31 मध्येच आहेत, म्हणून सगळ्यांची बेरीज केलीस तर घाबरट मुलगा भलताच प्रेरित दिसेल! एकूण बेरीज करूच नकोस, 15 उपविभाग वेगळे ठेव. मदत मागण्याच्या विभागात चारच वाक्यं. त्याचा अल्फा, म्हणजे वाक्यं एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा, मूळ अभ्यासातही 0.52च होता, तेव्हा तुझा कमी आला तर दचकू नकोस. साठ-सत्तर मुलांवर घटक विश्लेषण, म्हणजे कोणती वाक्यं एका गटात पडतात ते आकडेमोडीने शोधणं, मात्र नको.

भाषांतर पुन्हा मूळ भाषेत करून तपास, मग पाच-सहा मुलांना मोठ्याने विचार करत भरायला लाव. पहिल्या आठवड्यात देऊ नकोस, तेव्हा सगळेच उत्साहात असतात. शेवटी दिलीस तर गळालेले हाती लागत नाहीत. भरताना शिक्षक खोलीबाहेर.

मसुदा पाठव. 40वं वाक्य आधी बघेन: अडलं तरी एकट्यानेच करतो, असं ते आहे. बेकरीवाल्याला विचारणं मदतीत धरायचं की नाही, ते तिथेच लिहावं लागेल.

तुझा,
मित्र