आयलाऊच्या चित्राचा खालचा भाग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नेपोलियनच्या युद्धांवरील लेखासोबत आंत्वान-जां ग्रो या फ्रेंच चित्रकाराचे आयलाऊच्या रणभूमीचे तैलचित्र छापले आहे. लेख वाचनीय आहे. मात्र चित्र खालून कापल्यामुळे घोड्यावरचा सम्राट, त्याच्या भोवतीचे सेनानी आणि मागचे धुरकट आकाश एवढेच वाचकांना दिसले, आणि खाली ‘नेपोलियनचा विजय’ अशी ओळ आली. या चित्राच्या बाबतीत ही कापाकापी फार महाग पडते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातले मूळ चित्र सुमारे ५.२ मीटर उंच आणि ७.८ मीटर रुंद आहे. त्याच्या सामोरे उभे राहणाऱ्याची नजर आधी नेपोलियनकडे जात नाही. अगदी पुढे, खालच्या कडेला, बर्फात गोठलेल्या सैनिकांचे देह एकावर एक पडलेले आहेत; ते जिवंत माणसापेक्षाही मोठ्या आकाराचे रंगवलेले आहेत, त्यांचे चेहरे काळेनिळे पडले आहेत आणि अंगावर हिमाचा थर साचला आहे. पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळ चित्रकाराने सम्राटाला नव्हे, तर या मेलेल्यांना ठेवले आहे.

हे चित्र सरकारी हेतूनेच काढले गेले, हेही वाचकांना सांगायला हवे. ७ आणि ८ फेब्रुवारी १८०७ रोजी पूर्व प्रशियातील आयलाऊ येथे झालेल्या लढाईत रशियन सेनापती बेनिगसेन रात्री माघारी गेल्यामुळे मैदान फ्रेंचांच्या हाती राहिले, पण निर्णायक असे काहीच घडले नाही. अधिकृत युद्धवार्तेत फ्रेंचांचे १,९०० ठार आणि ५,७०० जखमी असे आकडे दिले गेले; प्रत्यक्ष हानी त्याहून कितीतरी मोठी होती आणि तिची कुणकुण पॅरिसला लागलीच. तेव्हा संग्रहालयाचे प्रमुख व्हिव्हां दनों यांनी चित्रस्पर्धा जाहीर केली आणि विषयही ठरवून दिला: प्रत्यक्ष लढाई नको, दुसऱ्या दिवशी रणभूमीची पाहणी करणारा, जखमींविषयी कळवळा वाटणारा सम्राट हवा. त्यानुसार चित्रात नेपोलियनचा हात आशीर्वाद दिल्यासारखा उचललेला आहे आणि फ्रेंच शल्यचिकित्सक जखमी शत्रुसैनिकांवर उपचार करत आहेत. शेजारी मात्र भरजरी पोशाखातला म्युरा, म्हणजे नेपोलियनच्या घोडदळाचा सेनानी, घोडा नाचवीत उभा आहे, आणि त्या थाटामुळे सम्राटाचा फिकट, ओढलेला चेहरा अधिकच उठून दिसतो.

ग्रो स्वतः त्या लढाईत नव्हता. दिलेली चौकट त्याने पाळली, स्पर्धा जिंकली, १८०८ च्या सालोंमध्ये, म्हणजे पॅरिसच्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, चित्र मांडले गेले आणि नेपोलियनने त्याला लीजन ऑफ ऑनरचे पदक बहाल केले. तरीही विजयाची किंमत त्याने पार्श्वभूमीत ढकलली नाही, आणि माझ्या मते या चित्राचे सारे मोठेपण यातच आहे. हुकमावरून काम करणाऱ्या कलावंताला एवढा प्रामाणिकपणा दाखवता आला, याचे मला आजही मनापासून अप्रूप वाटते. तो भाग कापला की उरते ती केवळ राजाची स्तुती, म्हणजे दनोंच्या सूचनेत जेवढे होते तेवढेच.

म्हणून माझी विनंती आहे की, पुढील पुरवणीत हे चित्र पूर्ण छापावे आणि ओळीत ‘आयलाऊच्या लढाईनंतरचा दिवस, ९ फेब्रुवारी १८०७’ असे लिहावे. पानाच्या रुंदीत इतके मोठे चित्र बारीक होत असेल, तर खालची पट्टी स्वतंत्रपणे, मोठी करून द्यावी.

आपला नम्र,
एक नियमित वाचक