शनिवारी बालवाडीत मासळीबाजार: पालकांसाठी सूचना

सर्व पालकांना नमस्कार.

येत्या शनिवारी सकाळी ९.३० ते ११.३० वर्गात फक्त भातुकली आणि मासळीबाजाराचा खेळ. पाट्या-पेन्सिली नकोत.

मंगळवारी एक चावीची जीप आली होती. ती एकाच्या हातात, बाकीचे रडायच्या बेतात. तेवढ्यात एकीने कोपऱ्यातलं सूप पुढ्यात ओढलं, त्यात बदामाची पानं मांडली आणि ‘बांगडे घ्या, ताजे बांगडे!’ सुरू केलं. पाच मिनिटांत गिऱ्हाइकं जमली, एक मांजरही झाली. जीप बर्फ आणायला गेली!

घरून पाठवायचं ते एवढंच, विकत काही आणू नका:

- घासलेल्या करवंट्या, जुनी टोपली किंवा रवळी, जुनी ओढणी.
- सावंतवाडीची लाकडी फळं किंवा भातुकली घरात असेल तर. रंगाचे टवके निघत असतील तर नको.
- मणी, गोट्या, चिंचोके, बटण सेलची खेळणी अजिबात नकोत. लहान मुलं तोंडात घालतात.
- वस्तूंवर नाव घालून शुक्रवारपर्यंत मदतनीस ताईंकडे द्या.

मदतीला चार पालक हवेत. अट एकच: ‘असं नाही, तसं कर’ म्हणायचं नाही. करवंटीला कोणी फोन म्हटलं तर तो फोन. बोलावलं तर गिऱ्हाईक व्हा, घासाघीस करा. वाद झाला तर जरा थांबा, मुलं बहुतेकदा आपणच मिटवतात. चावाचावी दिसली तर मात्र लगेच मला हाक मारा.

‘मग अभ्यास कधी?’ असं दोघांनी विचारलंय. सहा बांगडे मोजून देणं हाही अभ्यासच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालवाडीचं काम सुरू केलं, तेही आसपास मिळणाऱ्या साध्या वस्तू हाताशी धरूनच.

येणाऱ्या चौघांनी गुरुवारपर्यंत इथे नाव कळवा.