हीटरचं नाव काढणार नव्हतो

पोरी,

काल तू फोन आपटलास ते बरोबरच केलंस. उद्या निघायचंय आणि बाप अर्धा तास हीटरवरून डोकं खातोय म्हटल्यावर कोणीही आपटेल. म्हणून ठरवलंय, आता हीटरचं नाव काढायचं नाही.

कॅराव्हॅन, ते चाकांवरचं घर, गाडीमागे जोडून तू रिव्हर्स घेतेस तो व्हिडिओ मी रोज बघतो. स्टिअरिंग उलटं फिरवायचं असतं हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नाही, दर वेळी मावशी खाली उतरून ओरडायची, तू मात्र एका दमात लावलीस. जड सामान खाली, चाकांच्या आसपास ठेव, पार मागे टाकू नकोस, उतारावर मागची बाजू डुलायला लागते. डुललीच तर घाबरून ब्रेक मारू नको, ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूच काढ आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेव. पहाटे पुलावर हळू, पुलाला खालूनही गार वारा लागतो, रस्ता चांगला असला तरी तिथे बर्फ धरलेला असू शकतो. बघ, सुरू झालं माझं लेक्चर. सॉरी.

सिलिंडर प्रोपेनचाच घेतलायस ना? ब्युटेनचा शून्याच्या आसपास गॅसच होत नाही. हे हीटरबद्दल नाहीये, पाणी तापवण्याबद्दल आहे.

तू काल म्हणालीस, "आपण नव्हतो का गेलो, काय झालं आपल्याला?" तू सहा वर्षांची होतीस. काचेवर आतून वाफ धरली होती, त्यात तू बोटाने होडी काढलीस आणि त्या होडीतून नदीपलीकडची घरं दिसत होती, त्यांचे दिवे पाण्यात लांबच लांब झालेले. तू झोपायलाच तयार नव्हतीस. थंडी अशी की मी छतावरच्या झरोक्यात टॉवेल कोंबला, खाली जमिनीजवळची जाळीपण बंद केली. हीटर रात्रभर चालू. सकाळी सगळ्यांची डोकी ठणकत होती, दादाला उलट्या. पहाटे मावशी बाहेर जाऊन आली होती आणि दार नीट लागलं नव्हतं, तेवढीच काय ती हवा. मी तर तिलाच बोललो होतो, पोरं गारठली म्हणून.

नंतर कितीतरी वर्षांनी कळलं की हवा कमी पडली की जळताना कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू होतो, त्याला ना वास ना रंग. तिला सॉरी म्हणायचं राहूनच गेलं. तुलाही आजच सांगतोय.

म्हणून त्या जाळ्या कितीही गारठलीस तरी बंद करू नकोस. झोपताना हीटर बंदच कर, जाड पांघरुणं घ्या. रागावलीस तरी चालेल.

परवा तुझ्या डिकीत एक खोकं ठेवलंय, त्यात कार्बन मोनॉक्साईडचा अलार्म आहे. आज रात्रीच टेस्टचं बटण दाबून बघ. फार जोरात किंचाळतो, छोटीला आधी सांगून ठेव.

बाबा