परवानगी आपली, माहिती दुसऱ्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माहितीच्या खासगीपणाविषयी आपल्या वृत्तपत्रातून आणि अन्यत्रही बरेच लिहिले जाते. त्या लिखाणात बहुधा दोनच पक्ष गृहीत धरलेले असतात, एक बलाढ्य कंपनी आणि तिच्यापुढे असहाय असलेला ग्राहक. ही मांडणी मला अपुरी वाटते, कारण आपण निरनिराळ्या ॲपना ज्या परवानग्या देतो, त्यांपैकी कित्येक आपल्या स्वतःच्या माहितीपुरत्या नसतातच. फोनबुक वाचण्याची, छायाचित्रे पाहण्याची किंवा मायक्रोफोन वापरण्याची मुभा देताना आपण ज्यांची माहिती पुढे सरकवतो, ती माणसे त्या वेळी तिथे हजर नसतात, त्यांना कोणी विचारलेले नसते आणि नंतरही बहुधा कोणी कळवत नाही. या तिसऱ्या पक्षाविषयी, म्हणजे आपल्या ओळखीपाळखीच्या माणसांविषयी, आपले काही कर्तव्य आहे की नाही, एवढाच या पत्राचा विषय आहे.

फोनबुकात नाव आणि नंबर यांपलीकडे काही नसते, अशी एक सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात नंबर साठवताना ओळख पटावी म्हणून नावाला काही ना काही जोडलेले असते. ‘घटस्फोटाचे वकील’, ‘डायलिसिस सेंटर’, ‘व्यसनमुक्ती, शनिवार’, ‘पैसे बाकी’, ‘उचलू नये’ अशा नोंदी जितक्या त्या माणसाविषयी सांगतात, तितक्याच फोनच्या मालकाविषयीही सांगतात. बऱ्याच ठिकाणी वाढदिवस, घरचा पत्ता, कामाचे ठिकाण हेही सोबत लिहिलेले असते. अशी अनेक फोनबुके एकत्र आली की कोण कोणाला ओळखतो याचा एक नकाशा तयार होतो, आणि ज्याने ते ॲप आयुष्यात कधी घेतले नाही, त्याचीही जागा त्या नकाशात ठरून जाते. अनोळखी नंबर कोणाचा आहे हे क्षणात सांगणाऱ्या काही सेवांची यादी अशाच फोनबुकांतून उभी राहिलेली आहे. त्यांचा उपयोग होतो हे खरे. पण ते नाव त्या माणसाने सांगितलेले नसते, त्याच्या कुठल्याशा परिचिताने आपल्या सोयीसाठी लिहून ठेवलेले असते.

हे सारे अलीकडचे आहे असेही नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘पाथ’ नावाचे ॲप वापरकर्त्यांची संपूर्ण फोनबुके न विचारता आपल्या सर्व्हरवर नेत असल्याचे एका प्रोग्रॅमरने उघड केले. कंपनीला माफी मागावी लागली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘आयओएस ६’पासून आयफोनवर फोनबुक वाचण्याआधी मालकाची परवानगी घेणे ॲपना भाग पडले. आज आपल्यासमोर जी प्रश्नाची चौकट उघडते, तिच्यामागे हा इतिहास आहे. सुधारणा चांगलीच होती; पण चौकट विचारते ती फोनच्या मालकाला, फोनबुकातल्या माणसांना विचारण्याची तिच्यात काही सोय नाही. पुढच्याच वर्षी, जून २०१३ मध्ये, फेसबुकने एका तांत्रिक दोषाची कबुली दिली. त्या दोषामुळे सुमारे ६० लाख लोकांचे फोन नंबर किंवा ई-मेल पत्ते त्यांच्या परिचितांना दिसू शकले होते, आणि त्यांत त्या लोकांनी स्वतः फेसबुकला कधीच न दिलेले, दुसऱ्यांनी चढवलेल्या फोनबुकांतून आलेले तपशीलही होते. एप्रिल २०१८ मध्ये फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी अमेरिकी काँग्रेससमोर मान्य केले की ज्यांचे फेसबुकवर खातेच नाही अशांचीही माहिती सुरक्षेच्या कारणासाठी गोळा केली जाते. आयर्लंडच्या माहिती संरक्षण आयोगाने सप्टेंबर २०२१ मध्ये व्हॉट्सॲपला २२.५ कोटी युरोंचा दंड ठोठावला, तेव्हा खातेदारांबरोबरच खाते नसलेल्यांनाही त्यांच्या माहितीच्या वापराविषयी पुरेशी कल्पना दिली गेली नाही, हा आक्षेपही त्या निर्णयात होता.

‘आम्ही नंबर जसाच्या तसा ठेवत नाही, त्याचे सांकेतिक रूप साठवतो’ असे यावर काही कंपन्या सांगतात. हे उत्तर ऐकायला भारदस्त असले, तरी दहा अंकी नंबरांच्या शक्यता जास्तीत जास्त १,००० कोटी, आणि साध्या हॅशिंगने, म्हणजे ठरावीक गणिती सूत्राने, बनवलेली इतकी सांकेतिक रूपे आगाऊ काढून ताडून पाहणे आजच्या संगणकाला मुळीच अवघड नाही. याहून जपून काम करता येते हेही खरे आहे. सिग्नल या संदेश सेवेने आपल्या सर्व्हर चालवणाऱ्यांनाही फोनबुक वाचता येऊ नये अशी रचना २०१७ पासून मांडली आहे. तेव्हा प्रश्न तंत्राच्या असमर्थतेचा राहिलेला नाही.

या व्यवहाराचे सर्वांत क्रूर रूप झटपट कर्ज देणाऱ्या ॲपमध्ये दिसले. कर्ज घेताना फोनबुकाची परवानगी घ्यायची आणि हप्ता थकला की कर्जदाराच्या नातेवाइकांना, वरिष्ठांना, अगदी जुजबी ओळखीच्या माणसांनाही फोन करून, धमकावून, त्याची बदनामी करून वसुली करायची, असे प्रकार अनेक देशांत घडले. शेवटी ३१ मे २०२३ पासून गूगलने आपल्या प्ले स्टोअरवरील वैयक्तिक कर्जाच्या ॲपना फोनबुक आणि छायाचित्रे वाचण्यास मनाई केली. ज्यांना हे फोन गेले त्यांनी कर्ज घेतले नव्हते, जामीनही दिला नव्हता. अडचणीत सापडलेल्या माणसाने घाईत एका बटणावर बोट ठेवले आणि शेकडो लोक त्याच्या कर्जाला नकळत बांधले गेले. अशा माणसाला दोष देणे मला जड जाते. पण निव्वळ मौजेसाठी, चेहरा म्हातारा करून दाखवणाऱ्या किंवा स्वभाव ओळखणाऱ्या एखाद्या ॲपसाठी आपण तीच परवानगी देतो, तेव्हा ही सबब आपल्याला उरत नाही.

स्वभाव ओळखणाऱ्या ॲपचा उल्लेख मी सहज केलेला नाही. फेसबुकवरील लोकांची माहिती राजकीय प्रचारासाठी वापरणाऱ्या केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीच्या प्रकरणात असेच एक ॲप सुमारे २ लाख ७० हजार लोकांनी घेतले होते, आणि फेसबुकच्याच अंदाजानुसार जास्तीत जास्त ८ कोटी ७० लाख लोकांची माहिती त्यातून बाहेर गेली असावी. म्हणजे ॲप घेणाऱ्या प्रत्येकामागे सुमारे ३२० माणसे, आणि त्यांचा सहभाग एवढाच की त्यांची कोणाशी तरी मैत्री होती. दंड, सुनावण्या, माफीनामे हे सर्व पुढे झाले. पण त्या २ लाख ७० हजार लोकांनी आपल्या मित्रांना काही कळवले का, हा प्रश्न कुठे ठळकपणे विचारला गेल्याचे मला आठवत नाही.

जनुकीय चाचण्यांच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण नंबर बदलता येतो, जनुके बदलता येत नाहीत. लाळेचा नमुना पाठवून पूर्वजांची माहिती मिळवून देणाऱ्या ‘२३अँडमी’ या कंपनीच्या सुमारे १४ हजार खात्यांत २०२३ मध्ये चोरांनी शिरकाव केला, तोही अन्यत्र फुटलेले पासवर्ड तिथे वापरून पाहून. एकच पासवर्ड सगळीकडे वापरण्याची सवय किती सार्वत्रिक आहे हे आपण जाणतोच. नातेवाईक शोधून देण्याच्या सोयीमुळे त्या १४ हजार खात्यांतून सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली. या ६९ लाखांनी ती सोय स्वतःहून स्वीकारली होती हे मान्य केले, तरी दूरच्या एखाद्या चुलतभावाच्या पासवर्डवर आपली माहिती टांगलेली आहे, याची कल्पना त्यांतल्या किती जणांना असेल? मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तो सगळा साठा कोणाच्या हाती जाणार हा नवाच प्रश्न उभा राहिला. ज्यांनी कधीच चाचणी केली नाही तेही यातून सुटत नाहीत. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा होता की युरोपीय वंशाच्या सुमारे ६० टक्के अमेरिकनांचा ‘थर्ड कझिन’, म्हणजे खापरपणजोबा-खापरपणजी एकच असलेला दूरचा भाऊ किंवा बहीण, किंवा त्याहून जवळचा नातलग अशा साठ्यात सापडू शकतो. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात अनेक दशके न सापडलेला एक खुनी नातेवाइकांच्या जनुकांवरून पकडला गेला. तो सापडला याचे वाईट कोणाला वाटणार नाही. पण तेच साधन विमा कंपनीच्या किंवा नोकरी देणाऱ्याच्या हाती गेले तर काय, याचा विचार नमुना पाठवण्यापूर्वी घरात सर्वांनी मिळून करायला हवा, आणि तो करण्याची पद्धत अजून रुळलेली नाही.

यावर दोन आक्षेप नेहमी घेतले जातात. पहिला असा की पूर्वी टेलिफोन डिरेक्टरीत सर्वांचे नंबर आणि पत्ते छापलेच जात होते, तेव्हा कोणाचे काय बिघडले? डिरेक्टरीत आपले नाव आहे हे आपल्याला ठाऊक होते आणि अनेक ठिकाणी ते वगळून घेण्याची सोयही होती. शिवाय आपण कोणाच्या ओळखीचे आहोत आणि कोणत्या कारणाने, हे तिच्यात लिहिलेले नसे. हेलन निसेनबाउम या अभ्यासक २००४ पासून हेच मांडत आल्या आहेत की माहिती गुप्त आहे की उघड, एवढ्याने खासगीपणा ठरत नाही. ती ज्या संदर्भात आणि ज्या अपेक्षेने दिली गेली, त्या संदर्भाबाहेर ती गेली की मर्यादा ओलांडली जाते. गावाला जाताना शेजारी आपल्याकडे घराची किल्ली ठेवून जातो, म्हणून ती मागेल त्याला देण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. माझा नंबर आधीच माझ्या कित्येक परिचितांच्या फोनमधून बाहेर गेलेला आहे. मग मी एकट्याने माझ्या फोनबुकाला कुलूप लावून काय साधणार? प्रत्येकाचा खासगीपणा त्याच्या ओळखीतल्या सर्वांत बेफिकीर माणसाइतकाच टिकतो, हे कटू असले तरी खरे आहे. तरीही दुसऱ्याने माझी माहिती दिली म्हणून तिसऱ्याची माहिती देण्याची मुभा मला मिळते, हा तर्क मला पटत नाही. व्यवहारानेही तो टिकत नाही, कारण नवे नंबर, नव्या नोंदी, नवी छायाचित्रे रोज तयार होत असतात आणि ती सर्व आधीच गेलेली नसतात.

हे सगळे कायद्यावर सोपवून मोकळे व्हावे असेही अनेकांना वाटते. कंपन्यांना वेसण घालणे हे कायद्याचेच काम आहे आणि तिथे मी कोणतीही सूट सुचवत नाही. पण युरोपचा २०१८ पासून लागू झालेला आणि कडक समजला जाणारा माहिती संरक्षण कायदासुद्धा व्यक्तीच्या निव्वळ घरगुती व्यवहाराला हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे; घरातल्या प्रत्येक फोनमागे सरकारी तपासनीस उभा करणे कोणालाच नको असेल. घरगुती कशाला म्हणायचे याची सीमा मात्र न्यायालये आखू लागली आहेत. घराच्या रक्षणासाठी लावलेला कॅमेरा सार्वजनिक रस्ताही टिपत असेल तर त्याला ही सवलत नाही, असे युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये, आधीच्या कायद्यातील अशाच सवलतीविषयी, सांगितले. नेदरलँड्समधील एका न्यायालयाने २०२० मध्ये एका आजीला तिने समाजमाध्यमांवर टाकलेली नातवंडांची छायाचित्रे आईच्या मागणीवरून काढायला लावली. प्रथम ऐकताना हा निकाल निष्ठुर वाटतो. पण मुलांच्या आईने आधी अनेकदा विनंती करूनही छायाचित्रे निघाली नव्हती, हे कळल्यावर कोर्टाची पायरी चढण्याची वेळ नेमकी कशामुळे आली याचा विचार करावा लागतो.

छायाचित्रांइतकीच आता संभाषणांची काळजी वाटू लागली आहे. कोणी मनातले दुःख लिहून पाठवावे आणि त्याला उत्तर काय द्यावे हे विचारण्यासाठी आपण तो संपूर्ण मजकूर नावासकट एखाद्या चॅटबॉटमध्ये चिकटवावा, हे आज सर्रास घडते. सल्ला घेण्यात गैर काही नाही. नाव, गाव आणि आजाराचे तपशील गाळून तोच प्रश्न विचारता येतो. बैठकीत आपोआप टिपणे काढणारे साधन सुरू करताना उपस्थितांना आधी सांगायला तर काहीच कष्ट पडत नाहीत.

फोनबुकाच्या बाबतीतही करण्यासारखे बरेच आहे. ॲपने मागितलेली परवानगी नाकारून पाहावी. पुष्कळ ॲप त्यानंतरही व्यवस्थित चालतात आणि हवा तो नंबर हाताने टाकता येतो. २०२४ मध्ये आलेल्या ‘आयओएस १८’मध्ये संपूर्ण फोनबुकाऐवजी निवडक माणसेच ॲपला दाखवण्याची सोय आहे. मात्र परवानगी नंतर काढून घेतली तरी आधी सर्व्हरवर गेलेली यादी आपोआप पुसली जाईलच असे नाही. अनेक सेवांमध्ये ती पुसण्याची सोय वेगळी दिलेली असते आणि ती सेटिंग्जच्या चार-पाच पातळ्या खाली शोधावी लागते. आपल्या तंत्रज्ञानविषयक सदरातून ही कृती, प्रत्येक लोकप्रिय सेवेसाठी कोणत्या पानावर जाऊन कोणते बटण दाबायचे अशा तपशिलासह, एकदा छापावी, अशी विनंती करण्यासाठीच मुख्यतः हे पत्र लिहीत आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक